कुठलं ‘हो’?

नववी ‘ब’मध्ये संस्कृतच्या तासाला मी एक प्रश्न विचारला होता. माझ्या बाकावरच्या दोघी सोडल्या तर तो आज कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. बाई फळ्यावर ‘अस्’ धातू लिहीत होत्या. अस्मि स्वः स्मः, असि स्थः स्थ, अस्ति स्तः सन्ति. आपण सगळे पाढे म्हणायच्या सुरात त्यांच्यामागून म्हणत होतो. मी मध्येच उभी राहिले आणि म्हणाले, “बाई, हे पाठ करून पुढे उपयोग काय?”

वर्ग हसला. मला हवं होतं ते मिळालं होतं. बाई रागावल्या नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाल्या, “मला नाही सांगता येणार. तुला कळलं तर सांग.” आणि पुढच्या धातूकडे वळल्या. त्यांचा चेहरा मात्र तासभर उतरलेला होता, आणि ते मला दिसलं होतं.

स्मरणिकेच्या समितीने ‘विषय कोणताही चालेल’ असं कळवलं तेव्हा मला दुसरा विषय सुचलाच नाही. उत्तराला तीस वर्षांहून अधिक उशीर झाला आहे. शिवाय ते भलत्याच गावातून आलं आहे. म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

इंजिनिअरिंगनंतर मी सॉफ्टवेअरमध्ये शिरले हे तुम्हांला माहीत आहेच. मध्यंतरी दोन वर्षं कार्डिफला होते. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. लोकांनी संगणकावर भरायच्या एका सरकारी अर्जाचं काम आमच्याकडे होतं. वेल्समध्ये १९९३च्या कायद्याने सरकारी सेवांत इंग्रजी आणि वेल्श या दोन्ही भाषांना समान वागणूक देणं बंधनकारक झालं आणि २०११मध्ये वेल्शला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. त्यामुळे अर्ज दोन्ही भाषांत हवा. आमच्या धंद्यात याची एक ठरलेली पद्धत आहे. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य एका फाइलमध्ये ठेवायचं, त्याला एक खूण द्यायची आणि भाषा बदलली की फाइल बदलायची. अर्जात तीसेक प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं. मी शहाणपणा करून तीसही ठिकाणी एकच ‘हो’ वापरलं होतं. एकदा लिहा, तीस वेळा वापरा. आम्हांला हेच तर शिकवलेलं असतं.

फाइल भाषांतराला गेली आणि परत आली तेव्हा ‘हो’समोरचा रकाना रिकामा होता. शेजारी भाषांतरकार बाईंनी शेरा लिहिला होता : “कुठलं हो?”

मी वैतागले. एक शब्द मागितला, एक शब्द द्या की! त्यांनी शांतपणे कळवलं की वेल्शमध्ये ‘हो’ असा एक शब्दच नाही. प्रश्नात जे क्रियापद असेल तेच उत्तरात येतं, तेही काळ आणि पुरुष सांभाळून. ‘तुम्ही साठीच्या वर आहात का?’ याला ‘अदू’, म्हणजे ‘आहे मी’. ‘तुम्हांला मुलं आहेत का?’ याला ‘ओइस’, म्हणजे ‘आहेत’. ‘मागच्या वर्षी अर्ज केलात का?’ अशा झालेल्या गोष्टीला मात्र कोणतंही क्रियापद असलं तरी एकच उत्तर, ‘दो’, आणि नसेल केला तर ‘नादो’. ‘ही सही तुमचीच ना?’ असा भर क्रियापदावर नसून दुसऱ्या शब्दावर असेल तर ‘ईए’. आणि परवानगी मागितली, ‘करू का?’, तर ‘केउख’, म्हणजे ‘करू शकता’. (वेल्श उच्चार देवनागरीत नीट बसत नाहीत. जमेल तसे लिहिले आहेत. तिथल्या कुणी वाचलं तर हसेल.)

वेळ कमी होता. मी सगळीकडे ‘ईए’ घालून मोकळी झाले. चूक सर्वस्वी माझीच. ‘तुम्हांला मुलं आहेत का?’ या प्रश्नाखाली ‘होय, तेच’ अशा थाटाचं बटण असलेला अर्ज लोकांसमोर गेला आणि आठवड्याभरात तक्रारी आल्या. मग मुकाट्याने तीस प्रश्नांना तीस वेगळी उत्तरं जोडली. त्या कामासाठी भाषांतरकार बाई दोन दिवस माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या साठीच्या पुढच्या होत्या. दुसऱ्या दिवशी जेवताना मला अचानक सुचलं आणि मी त्यांना म्हणाले, “आमच्याकडेही असंच आहे की.” शाळेत आपण काय म्हणायचो? ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ बाई ‘हो’ म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, ‘जा.’ ‘जेवलीस का?’ ‘जेवले.’ ‘येणार ना?’ ‘येणार.’ मराठीत ‘हो’ आहे, पण घरात त्याची गरज फारशी पडत नव्हती.

त्या म्हणाल्या, “लॅटिनमध्येही तसंच होतं.” त्या शाळेत लॅटिन शिकल्या होत्या. ‘वेनिस्ने?’ म्हणजे ‘येतोस का?’ आणि उत्तर ‘वेनिओ’, म्हणजे ‘येतो’. ‘असंच’, ‘नक्कीच’ अशा अर्थाचे शब्द रोमन माणूस वापरी, पण सरसकट चालणारा ‘हो’ त्याच्याकडे नव्हता. तो त्याच्या वारसांनी बनवला. ‘असं’ या अर्थाच्या ‘सीक’पासून इटालियन ‘सी’ झाला आणि ‘हे त्याने’ अशा अर्थाच्या ‘होक इल्ले’पासून फ्रेंच ‘वी’.

मग त्यांनी एक गंमत केली. कागदी रुमालावर ‘गाणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळाची रूपं दोन भाषांत लिहिली. लॅटिन : कानो, कानिस, कानित, कानिमुस, कानितिस, कानुन्त. वेल्श : कानाव, केनि, कान, कानुन, केनुख, कानान्त. मी शेवटच्या शब्दांकडे बघत राहिले. ‘ते गातात’ : कानुन्त, कानान्त. आणि डोक्यात नववी ‘ब’चा सूर सुरू झाला. भवन्ति, गच्छन्ति, गायन्ति. मी मोठ्याने म्हणायला लागले. त्या पुढे ‘असणे’ लिहू लागल्या. लॅटिन : सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त. मी पुढे लिहिलं, अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. एस्त आणि अस्ति, सुन्त आणि सन्ति. जुन्या वेल्शमध्ये ‘आहे’ला ‘इस्’ होतं, तेही त्यांनी बाजूला लिहिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर डाळीचा डाग आहे.

नंतरची दीड वर्षं मी याच नादात काढली. पुढचं सगळं त्या वाचनातलं आहे.

आधी एक घोटाळा निस्तरते, कारण माझाही झाला होता. वेल्श आणि लॅटिन यांच्यात सारखे शब्द दिसले की दोन शक्यता असतात, वारसा किंवा उधारी. रोमन सैन्य ब्रिटनमध्ये इसवी सन ४३मध्ये उतरलं आणि ४१०च्या सुमाराला रोमची सत्ता तिथून संपली. या साडेतीन-चार शतकांत तिथल्या लोकांच्या बोलीत लॅटिन शब्द शिरले आणि त्या बोलीची पुढे वेल्श झाली. पुलाला ‘पोन्त’, खिडकीला ‘फेनेस्त्र’, पुस्तकाला वेल्श रूपात ‘ल्लिव्र’, शाळेला ‘अस्गोल’. ही सगळी उधारी. ‘लिहिणे’ म्हणजे ‘अस्ग्रिवेन्नि’ हे लॅटिन ‘स्क्रिबो’च्या घराण्यातलं. ‘शिकणे’ म्हणजे ‘दस्गि’, लॅटिन ‘दिस्को’पासून आलेलं. आपल्या शिक्षकांना आवडेल अशी गोष्ट ही, की लॅटिनमध्ये ‘दिस्को’ म्हणजे फक्त ‘मी शिकतो’. शिकवण्यासाठी ‘दोकेओ’ हे वेगळं क्रियापद. वेल्शमध्ये मात्र ‘दस्गि’ दोन्हीला चालतं, शिकणे आणि शिकवणे. मराठीत फरक एका ‘व’चा आहे, तिथे तेवढाही नाही.

‘कानी’, म्हणजे गाणे, ही मात्र उधारी नाही. ते दोन्ही भाषांना एकाच आजोबांकडून मिळालेलं आहे. हे ओळखायचं कसं? ध्वनींच्या नियमांवरून. एक उदाहरण पुरे. वेल्श आणि आयरिश ज्या केल्टिक घराण्यातल्या, त्या घराण्यात मूळचा ‘प’ फार पूर्वी गळून गेला. लॅटिनमध्ये मासा ‘पिस्किस’, तर आयरिशमध्ये ‘ईअस्क’. ‘प’ नाही, म्हणजे वारसा. वेल्शमध्ये मात्र मासा ‘पिस्ग’. ‘प’ शाबूत आहे, म्हणजे रोमन सैनिकांच्या बाजारातून उचललेला. आम्ही प्रोग्राममधली चूक शोधताना जसे माग काढतो तसंच हे आहे. फक्त इथे नोंदी दोन हजार वर्षांच्या.

वारशातली क्रियापदं बघत गेलं की आपल्या फळ्यावरचे धातू भेटत जातात. ‘भृ’, भरति, म्हणजे वाहून नेणे. लॅटिनमध्ये ‘फेरो, फेर्स, फेर्त’. वेल्शमध्ये हा धातू नकाशावर सापडतो. ‘आबेर’ म्हणजे नदीचं मुख, जिथे ती पाणी आणून ओतते ती जागा. त्यातला ‘बेर’ म्हणजे आपला ‘भर’. आबेरिस्टविथ, आबेरताउए अशा गावांच्या नावांत हा धातू आहे. ‘जीव’ला लॅटिनमध्ये ‘वीवुस’ आणि वेल्शमध्ये ‘बिउ’. एकाच मूळ ध्वनीचा इथे ज, तिथे व, आणि तिसरीकडे ब झाला.

आणि ‘भू’. ‘असणे’ हे क्रियापद एका धातूवर भागत नाही हे बाईंनी सांगितलं होतं. अस् आहे आणि भू आहे, आणि काही काळांत अस्‌ची जागा भू घेतो. लॅटिनमध्येही तसंच. वर्तमानात ‘सुम’, पण भूतकाळात ‘फुई’. तो ‘फु’ म्हणजे भू. वेल्शमध्ये ‘असणे’ला ‘बोद’ म्हणतात, तोही भू. आणखी एक : लॅटिन भविष्यकाळातल्या ‘आमाबो’मध्ये, म्हणजे ‘मी प्रेम करीन’मध्ये, जो ‘ब’ आहे तोही याच धातूचा अवशेष मानतात. प्रेमाला भविष्य द्यायला भू लागतो. (हे वाक्य संपादकांनी कापू नये. त्या बेंचवरच्या मंडळींसाठी आहे.)

हे नातं जगासमोर मांडणारा माणूस तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश सर विल्यम जोन्स. २ फेब्रुवारी १७८६च्या व्याख्यानात त्याने सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात क्रियापदांच्या धातूंमध्ये आणि व्याकरणाच्या रूपांमध्ये इतकं साम्य आहे की त्या एकाच उगमातून निघाल्या असल्या पाहिजेत. केल्टिक भाषाही बहुधा त्यातल्याच, असंही त्याने जाता जाता म्हटलं. जोन्सचे वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे. गणितात वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह १७०६मध्ये त्यांनीच प्रथम वापरलं. मुलगा मात्र लंडनला वाढला आणि त्याला वेल्श येत नव्हतं. फ्रान्सच्या राजाशी त्याची ओळख करून देताना, ‘या गृहस्थांना स्वतःची सोडून सगळ्या भाषा येतात,’ असं सांगितलं गेल्याचा किस्सा तिकडे अजून चघळतात.

जोन्सच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधी, १७०७मध्ये, एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने वेल्श, आयरिश, कॉर्निश, ब्रेटन यांची तुलना करून ती एकाच कुळातली असल्याचं दाखवलं होतं. पण मला खरं नवल वाटलं ते पुढच्या टप्प्याचं. १८१६मध्ये फ्रांझ बोप नावाच्या पंचविशीतल्या जर्मन तरुणाने एक पुस्तक काढलं. तुलनात्मक भाषाशास्त्राची सुरुवात त्या पुस्तकापासून धरतात. विषय काय? संस्कृत धातूंची रूपं, आणि त्यांची ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक रूपांशी तुलना. म्हणजे आपण ज्याला घोकंपट्टी म्हणत होतो नेमकं तेच. अस्मि, असि, अस्ति. एक आख्खं शास्त्र त्या तक्त्यांवर उभं राहिलं. केल्टिक भाषांचा पाया घातला गेला तो १८५३मध्ये, योहान कास्पार त्सॉइस याच्या केल्टिक व्याकरणाने, आणि तो ग्रंथ चक्क लॅटिनमध्ये लिहिलेला आहे.

लॅटिन आणि वेल्श एकाच कागदावर भेटतात ते मात्र याच्या हजार वर्षं आधी. लिचफील्डच्या कॅथेड्रलमध्ये शुभवर्तमानाचं एक जुनं हस्तलिखित आहे. त्याच्या समासात आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराला कुणीतरी जमिनीच्या एका तंट्याची नोंद करून ठेवली आहे. नोंदीचा पहिला शब्द लॅटिन क्रियापद, ‘सुरेक्सित’, म्हणजे ‘उठला’. टुडवुल्ख नावाचा माणूस उठला आणि एल्गीकडे असलेली जमीन आपली म्हणू लागला. सुरुवात अशी कायदेशीर थाटात लॅटिनमधून होते आणि ओळभरात लेखणी वेल्शमध्ये घसरते. मधूनच पुन्हा लॅटिन. पंचमंडळी एकमेकांना म्हणतात, ‘आपण समेट करू’. हे ‘करू’ मात्र वेल्श आहे. शेवटी एल्गी एक घोडा, तीन गाई आणि तीन नुकत्याच व्यालेल्या गाई देतो आणि प्रकरण मिटतं. घोडा लॅटिन, ‘दिला’ वेल्श. आपल्याकडचे जुने महजर ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे फार परकं वाटणार नाही. वरचा मायना फारसी आणि भांडण अस्सल मराठी. लिखित वेल्शचा इतका जुना आणि इतका सलग नमुना दुर्मीळ आहे, आणि तो टिकला तो गाईंच्या हिशोबापायी.

पुढे छापखाने आले तेव्हा वेल्शचं व्याकरण लिहायला बसलेली माणसं लॅटिन व्याकरणावर वाढलेली होती. पहिलं छापील वेल्श व्याकरण वेल्समध्ये छापलंच गेलं नाही. ग्रिफिथ रॉबर्ट हा कॅथलिक धर्मोपदेशक देशाबाहेर पळालेला होता. त्याने ते १५६७मध्ये मिलानला, दोघांच्या संवादाच्या रूपात छापलं. १६२१मध्ये जॉन डेव्हिस याने वेल्शचं व्याकरण लॅटिनमध्येच लिहिलं आणि १६३२मध्ये वेल्श-लॅटिन असा दुहेरी कोश काढला. त्याच सुमाराला इकडे गोव्यात थॉमस स्टीफन्स काय करत होता? ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा हा इंग्रज जेझुइट कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहीत होता. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४०मध्ये राशोलला छापलं गेलं. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना, लॅटिन शिकलेली माणसं दोन अगदी वेगळ्या भाषांची क्रियापदं लॅटिनच्या रकान्यांत भरत होती.

रकाने नेहमीच बसत नाहीत. कोशात क्रियापदाचं कोणतं रूप डोक्यावर घालायचं इथूनच मतभेद आहेत. लॅटिन कोशात ‘कानो’, म्हणजे ‘मी गातो’. संस्कृतात धातू. वेल्शला इन्फिनिटिव्ह असा नाहीच. तिथे ‘कानी’ हे क्रियापदाचं नाम आहे, आपल्या ‘गाणे’सारखं. १९५०मध्ये सुरू होऊन २००२मध्ये पुरा झालेला वेल्शचा मोठा ऐतिहासिक कोश दोन्ही शेजारी शेजारी देतो, ‘मी गातो : गाणे’. मला ही तडजोड आवडली.

पण एका जागी लॅटिन आणि वेल्श सख्ख्या बहिणी वाटतात, आणि तिथे संस्कृत बाजूला पडते. लॅटिनमध्ये ‘गायलं जातं’ला ‘कानितुर’. वेल्शमध्ये ‘केनिर’. शेवटी ‘र’. संस्कृतात ‘गीयते’, तिथे ‘र’ नाही. कोण गातं ते सांगायचंच नाही, फक्त गाणं होत आहे एवढंच, म्हणजे मराठीच्या तासाला रडवणारा आपला भावे प्रयोग. कार्डिफच्या एका दुकानाच्या दारावर पाटी होती, ‘शारेदिर कम्राइग अमा’, ‘इथे वेल्श बोललं जातं’. कोण बोलतं ते पाटी सांगत नाही. मी आत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीला येत नव्हती. तिची आई मागच्या खोलीत होती, तिला येत होती.

आता अर्थांकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त धक्का तिथे बसला. वर दिलेलं ‘कानाव’, म्हणजे ‘मी गातो’, हे ग्रंथांतल्या वेल्शमध्ये वर्तमानकाळ आहे. आज बोलताना कुणी ते म्हटलं तर त्याचा अर्थ ‘मी गाईन’ असा होतो. रूप तेच, काळ पुढे सरकला. वर्तमानासाठी लोक ‘दु इन कानी’ म्हणतात. शब्दशः ‘आहे मी गाण्यात’. आणि गाणं संपलं असेल तर ‘आहे मी गाण्यानंतर’. जुनं वर्तमान भविष्यात गेलं आणि रिकाम्या जागी ‘असणे’ येऊन बसलं.

लॅटिनमध्ये उलटी तऱ्हा. वर्तमानकाळ फ्रेंच-इटालियनमध्ये बऱ्यापैकी टिकला, पण भविष्यकाळ बुडाला. ‘आमाबो’ पद्धतीची रूपं लोकांनी टाकली आणि ‘मला गायचं आहे’ अशा बांधणीतून नवा भविष्यकाळ घडवला. आजचा फ्रेंच भविष्यकाळ म्हणजे ते वाक्य आक्रसून झालेला एक शब्द आहे.

आणि मराठी? ज्ञानेश्वरीत ‘करी’, ‘म्हणे’, ‘जाय’ ही रूपं वर्तमानकाळाची आहेत, थेट संस्कृत वर्तमानातून आलेली. आज ‘आजी पहाटे उठे, जात्यावर बसे आणि ओव्या गाई’ असं म्हटलं तर काय अर्थ होतो? आजी आता नाही. तेच जुनं वर्तमान आपल्याकडे मागे सरकलं आणि रीतिभूतकाळ झालं. वेल्श माणसाचं ‘गाई’ उद्याकडे गेलं, आपलं कालकडे. का, याचं एका ओळीचं उत्तर नाही. ‘गात आहे’ असं नवं रूप आलं की जुन्याला कुठेतरी सरकावं लागतं, एवढं खरं.

हे मी भाषांतरकार बाईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. ती कळायला थोडा इतिहास लागतो. १८४७मध्ये लंडनच्या सरकारने वेल्समधल्या शाळांची पाहणी केली. नेमलेल्या तिघाही इंग्रज अधिकाऱ्यांना वेल्श येत नव्हतं. त्यांच्या निळ्या बांधणीच्या अहवालात वेल्श भाषा हीच लोकांच्या मागासलेपणाचं आणि नीतिभ्रष्टतेचं कारण ठरवली गेली. त्या शतकात बऱ्याच शाळांत एक लाकडी तुकडा असे, ‘वेल्श नॉट’ नावाचा. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात तो पडे. दुसरं कुणी बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. कोणत्याही कायद्यात हे नव्हतं. शाळाशाळांनी आपापलं चालवलं होतं आणि कित्येक ठिकाणी आईबापांचीही हरकत नव्हती. पोरं इंग्रजी शिकली तर पोटाला लागतील, हा हिशोब. १९०१च्या जनगणनेत वेल्समधले जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलणारे होते, २०२१मध्ये १७.८ टक्के. आता तिथल्या सरकारने २०५०पर्यंत दहा लाख बोलणारे करायचं ठरवलं आहे.

आजीच्या काळी तो लाकडी तुकडा राहिला नव्हता, पण हिशोब तोच होता. आजी देवळातल्या गायनात वेल्श गाई, नवऱ्याशी वेल्श बोले आणि मुलांशी इंग्रजी. त्यामुळे भाषांतरकार बाईंच्या आईला वेल्श नुसती कानावर होती. बाई स्वतः तिशीत, मुलं झाल्यावर, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्श शिकल्या. पहिले सहा महिने फक्त रूपं. केनाइस, केनाइस्त, कानोद : मी गायले, तू गायलीस, ती गायली. बसमध्ये, स्वयंपाक करताना, पाढ्यासारखी. मग एक दिवस आजीला भेटायला गेल्या आणि वेल्शमध्ये विचारलं, ‘जेवलीस का?’

“आजी काय म्हणाली?” मी विचारलं.

“दो,” त्या म्हणाल्या. आजीने त्यांना दिलेलं ते पहिलं वेल्श उत्तर. मग आजी रडली, आणि नंतर तिने नातीची दोन रूपं दुरुस्त केली.

माझ्या मुलाला मी फोनवर विचारते, ‘जेवलास का?’ तो म्हणतो, ‘हो.’ मराठी त्याला येतं, चांगलं येतं. चूकही काही नाही. तरी मी दर वेळी म्हणते, ‘कुठलं हो?’ तो कंटाळून म्हणतो, ‘जेवलो गं, जेवलो.’

हा लेख लिहिण्याआधी मी आपल्या बाईंना फोन केला. त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि ऐकायला कमी येतं, पण आवाज तोच आहे. माझं नाव सांगितल्यावर त्यांनी तुकडी विचारली. नववीतला तो प्रश्न आठवतो का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. एस्त आणि अस्ति, सुन्त आणि सन्ति एवढं मात्र मोठ्याने म्हणून दाखवलं. पलीकडून त्यांनी सुरात पुढचं म्हटलं, स्मः, स्थ, सन्ति. मग मी विचारलं, “बाई, तुमचं नाव न घालता हे सगळं स्मरणिकेत लिहू का?”

“लिही,” बाई म्हणाल्या.